उद्यानातील जुन्या गाड्यांची स्वच्छता आणि देखभाल: नव्या करारात काय लिहून घ्यावे?

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील सार्वजनिक उद्यानात मुलांसाठी रुळांवरून धावणारी एक छोटी गाडी असून ती सुरू होऊन वीस वर्षे उलटून गेली आहेत. ठेकेदाराचा करार लवकरच संपत आहे आणि नव्या करारात देखभालीविषयी कोणत्या अटी असाव्यात, हे नागरिक समितीने लेखी कळवावे, असे आम्हांला सांगण्यात आले आहे. समितीत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत. पान्याला हात लावलेला मात्र एकही नाही. त्यामुळे या चर्चापटलावरील जाणकारांना विचारल्याशिवाय कागद पुढे पाठवू नये, असे ठरले.

माझी शंका त्या गाडीपुरती नाही. गेल्या सुटीत कुटुंबासह एका मोठ्या आणि जुन्या मनोरंजन उद्यानात जाणे झाले, आणि तेथील एक विसंगती अजून डोक्यातून जात नाही. आतील रस्त्यांवर कागदाचा कपटा पडला तरी झाडूवाला तो लगेच उचलत होता, कारंज्याच्या कठड्यावर शेवाळाचा ठिपका नव्हता, नव्या खेळण्यांचा रंग चकचकीत होता. परंतु वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंत नेणाऱ्या उन्नत गाडीत बसलो, तेव्हा आसनांच्या शिवणीत काळा मळ साचलेला होता, दाराच्या रबरी पट्टीचा सुटलेला भाग चिकटपट्टीने दाबून बसवला होता, खिडक्या ओरखड्यांनी धुरकट झाल्या होत्या आणि वातानुकूलन यंत्रातून ओल्या पोत्यासारखा कुबट वास येत होता. पैसा आणि माणसे दोन्ही असलेल्या ठिकाणी नेमकी गाडीच मागे का राहते? वरवर दिसणारी ही अस्वच्छता यंत्राच्या दुर्लक्षाची खूण समजावी, की झाडलोट आणि यंत्राची निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? आमच्या समितीत यावर दोन तट पडले आहेत. डॉक्टरसाहेबांच्या मते मळका डबा म्हणजे मळके चाक. बँकवाल्यांच्या मते सफाईची अट सफाईच्या ठेक्यात घालावी, गाडीच्या करारात तिचे काम नाही.

उद्यमबागकर

टिळकवाडीकर सर, डॉक्टरसाहेबांचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे, परंतु त्याचे कारण समजल्याशिवाय अट नीट लिहिता येणार नाही. आमच्याकडे ओतकाम आणि मशिनिंग अशी दोन्ही कामे होतात आणि दुरुस्तीसाठी येणारा जवळजवळ प्रत्येक भाग आधी मळाच्या थराखाली असतो, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

आपण ज्या उन्नत गाडीविषयी लिहिले आहे, ती बहुधा मोनोरेल असावी. तिच्यात लोखंडी रूळ नसतो. काँक्रीटची एकच तुळई असते, तिच्या माथ्यावरून भार घेणारी रबरी चाके धावतात आणि दोन्ही अंगांना टेकलेली लहान चाके गाडीला तुळईशी धरून ठेवतात. वीज तुळईच्या बाजूने गेलेल्या पट्टीवरून घासत जाणाऱ्या संपर्कपट्ट्यांमधून येते. आता विचार करावा: रबर काँक्रीटवर झिजते, संपर्कपट्ट्या धातूवर झिजतात, तुळईवर पावसाळ्यात शेवाळ चढते, आणि हे सारे गाडीच्या खालच्या झाकणांच्या आत बारीक काळ्या भुकटीच्या रूपाने जमा होते. तिला दमट हवा आणि गळालेले ग्रीस मिळाले की तिचा चिकट लेप होतो. तो लेप प्रवाशाला दिसत नाही, म्हणून तो पुसण्याची घाई कोणालाही नसते.

मळ पुसणे ही मुळात तपासणीच असते. जोडकामाजवळ केसाइतकी बारीक चीर पडली, की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासून तांबूस भुकटी बाहेर येऊ लागते आणि रंगावर एक सरळ, गंजासारखी रेघ उमटते. स्वच्छ पुसलेल्या सांगाड्यावर ती रेघ हातातील कॉटन वेस्ट (पुसण्याच्या सुती चिंध्या) थांबवते. कारागीर तेथे नख फिरवतो, बॅटरी धरतो आणि वरिष्ठाला बोलावतो. काळ्या लेपाखाली तीच रेघ वर्षभर वाढत राहते. ऑइल सीलची गळती, सैल बोल्टभोवतीची पांढुरकी घासणी, बेअरिंग तापल्याने करपलेला रंग, या सर्वांचे असेच आहे. आपण पाहिलेला कुबट वासदेखील केवळ गैरसोय म्हणून सोडून देऊ नये. वातानुकूलन यंत्राच्या खालच्या तबकाची निचरा नळी तुंबली की पाणी डब्याच्या अस्तरात उतरते, तेथील फळी फुगते, आणि त्याच पोकळीतून तारा गेल्या असतील तर प्रश्न वासापुरता राहत नाही. दाराच्या खालच्या खाचेत माती आणि चॉकलेटचे कागद साचले की सरकते दार शेवटचे बोटभर अंतर मिटत नाही. पुढे दार न मिटल्याचा इशारा सारखा येऊ लागतो आणि एके दिवशी कोणीतरी वैतागून तो इशाराच बंद करून ठेवतो.

गाड्या जुन्या झाल्या म्हणजे वाईट झाल्या, ही समजूत मात्र मला मान्य नाही. अमेरिकेतील सिएटल शहरात १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या मोनोरेलच्या दोन्ही मूळ गाड्या आजही धावतात. फ्लोरिडातील डिस्ने उद्यानात फिरणारी वाफेची चार इंजिने फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीने १९१६ ते १९२८ या काळात बनवलेली आहेत; ती मेक्सिकोतील युकातान प्रांतात राबत होती आणि १९६९ मध्ये तेथून विकत घेऊन नव्याने बांधण्यात आली. शंभरी गाठलेले इंजिन चालते, कारण त्याचा कोणताही भाग झिजला तरी लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून, ओतून आणि लेथवर चढवून तो पुन्हा बनवता येतो. हे काम आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतही होईल, त्यात गुपित असे काही नाही. याउलट एकाच कंपनीच्या खास नियंत्रण पेट्यांवर आणि सुट्या भागांवर विसंबलेली गाडी, ती कंपनी बाजूला झाली की पोरकी होते. मुंबईच्या मोनोरेलचे उदाहरण सर्वांसमोर आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावरील गाड्या मलेशियाच्या स्कोमी कंपनीच्या होत्या, २०१८ च्या अखेरीस तो करार रद्द झाला, आणि पुढे सुट्या भागांची टंचाई व गाड्यांची अपुरी संख्या यांनी त्या मार्गाची पाठ सोडली नाही.

म्हणून नव्या करारात पहिला प्रश्न गाडीच्या वयाचा नको. कोणता भाग कोठून मिळतो आणि त्याचे रेखाचित्र कोणाकडे आहे, हे आधी विचारावे.

कंग्राळीकर (सध्या मुक्काम फ्लोरिडा)

वरील उत्तर यंत्राच्या बाजूने अचूक आहे, परंतु मूळ प्रश्न असा होता की पैसा असूनही गाडीच मागे का राहते. त्याचे उत्तर कारखान्यात मिळणार नाही. ते हिशेबाच्या वहीत आणि कायद्यात आहे.

येथील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची मोनोरेल उद्यानाबरोबरच १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाली आणि १९८२ मध्ये एपकॉट या तेथील दुसऱ्या उद्यानापर्यंत वाढवण्यात आली. सर्व मार्गांची मिळून लांबी सुमारे २३.७ किलोमीटर भरते. आज धावणाऱ्या सहा डब्यांच्या गाड्या बॉम्बार्डियर कंपनीच्या असून त्या १९८९ पासून दोन-तीन वर्षांत सेवेत आल्या. म्हणजे तुळई पन्नाशीच्या पुढची आणि गाड्या पस्तिशीच्या आसपासच्या. या काळात उद्यानात कितीतरी खेळणी आली, गेली, नव्याने सजली. नवे खेळणे आले की त्याची जाहिरात करता येते आणि त्याच्या नावावर तिकिटे विकली जातात. मोनोरेलला वेगळे तिकीट नाही. ती फुकट आहे. तिच्यातील आसनांचे कापड बदलले म्हणून एकही जादा पाहुणा येणार नाही, अशा खर्चाला अंदाजपत्रकात नेहमी शेवटची जागा मिळते.

दुसरी अडचण वेळेची आहे. खेळणे दुरुस्तीसाठी दोन महिने बंद ठेवले तर लोक कुरकुरतात आणि दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहतात. वाहतूक बंद ठेवली तर हजारो माणसे वाहनतळावर अडकतात. त्यामुळे गाडी उद्यान उघडण्याआधी सुरू होते, उद्यान मिटल्यावरही धावत राहते, आणि धुणे, पुसणे, तपासणे, बदलणे हे सर्व रात्रीच्या मोजक्या तासांत उरकावे लागते. त्या तासांत आधी ब्रेक पाहिले जातात, आसनांच्या शिवणी नंतर, आणि एका अर्थी ते योग्यच आहे. डॉक्टरसाहेबांच्या मताला मी येथे थोडा अडवतो: मळके आसन हे नेहमीच मळक्या चाकाचे लक्षण नसते, कधी ते अपुऱ्या रात्रीचे लक्षण असते.

तिसरी गोष्ट देखरेखीची. फ्लोरिडाच्या कायद्यात एक हजाराहून अधिक कर्मचारी आणि स्वतःचे पूर्णवेळ निरीक्षक असलेल्या मोठ्या उद्यानांना खेळण्यांच्या सरकारी तपासणीतून सूट आहे. मोनोरेलही अनेक दशके उद्यानाच्या स्वतःच्याच तपासणीवर चालली. जुलै २००९ मध्ये रात्री गाड्या मार्ग बदलत असताना सांध्याची, म्हणजे दोन मार्ग जोडणारी सरकती तुळई जागेवर सरकलेली नसतानाच एक गाडी मागे घेतली गेली, ती दुसरीवर आदळली आणि एका तरुण चालकाचा मृत्यू झाला. त्यात गाडीचे वय किंवा मळ यांचा संबंध नव्हता. सांधा खरोखर फिरला आहे की नाही, हे पाहण्याची कार्यपद्धती तोकडी पडली होती. राज्याच्या परिवहन विभागाला या मोनोरेलवर देखरेख करण्याचा अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यामागचे स्थानिक राजकारण येथे उकरत नाही, कारण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आता टोकियोकडे पाहावे. तेथील डिस्ने उद्यानांभोवती फिरणारी पाच किलोमीटरची मोनोरेल जुलै २००१ मध्ये सुरू झाली. ती कायद्याने रेल्वे आहे, प्रवासी भाडे देऊन बसतात, आणि २०२० पासून तेथे नव्या गाड्या येऊ लागल्या. म्हणजे पहिल्या गाड्या विशीत आल्या तेव्हा त्यांची जागा घेणाऱ्या गाड्या तयार होत्या. लोक याचे श्रेय जपानी टापटिपीला देतात. मला त्यापेक्षा भाड्याचे उत्पन्न आणि रेल्वे कायद्याखालची तपासणी ही कारणे अधिक पटतात. गाडीला स्वतःचे उत्पन्न आणि बाहेरचा तपासनीस मिळाला, की तिची काळजी घेण्यासाठी कोणाच्या चांगुलपणावर विसंबावे लागत नाही.

निपाणीकर

लेख माहितीपूर्ण आहेत, परंतु मंडळी, आपण टोकियोची मापे एका बागेतल्या गाडीला लावत आहोत. ठेका सर्वांत कमी बोलीवाल्याला जाणार, तो महिन्याचा हप्ता भागवण्यासाठी सुटीच्या दिवशी गाडी दिवसभर पळवणार आणि मळाची तक्रार केली तर दोन माणसे लावून डब्यांना रंग देणार. रंग हा देखभालीचा सर्वांत स्वस्त मुखवटा आहे. अटी कितीही सुरेख लिहिल्या तरी त्या कोण तपासणार, हे आधी ठरवावे. नाहीतर समितीचा कागद फाइलीत जाईल.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीकरांचा टोला वर्मी लागला, कारण गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या गाडीला खरोखरच असा रंग दिला गेला होता आणि रंगाचे थर बोल्टांच्या डोक्यांवरही चढलेले आहेत.

दोन तपशील द्यायचे राहिले. सध्याचा ठेकेदार दर आठवड्याला प्रेशर मशीनने संपूर्ण गाडी धुतो आणि तो ही गोष्ट अभिमानाने सांगतो. ती चांगली समजावी का? शिवाय पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर शेवटचा डबा बाजूला झोके घेतो आणि चाकांचा कर्कश आवाज येतो. तेथेच हिरवळीला पाणी देणारे फवारे आहेत, त्यामुळे रुळांच्या बाजूला कायम चिखल असतो. मुलांना तो झोका आवडतो, पालक हसून फोटो काढतात. मला मात्र २०२४ च्या जूनमध्ये चंडीगडच्या एका मॉलमध्ये छोट्या गाडीचा डबा उलटून अकरा वर्षांचा मुलगा दगावल्याची बातमी आठवते. ती गाडी रुळांवरची नव्हती, हे मला ठाऊक आहे, तरीही.

खानापूरकर

मी राज्य परिवहनाच्या डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. आमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यातील पावसात बसगाड्या सांभाळल्या, त्यामुळे पाण्याविषयी चार शब्द अधिकाराने लिहितो.

ठेकेदार प्रेशर मशीनने धुतो, ही चांगली बातमी नाही. डब्यांचे पत्रे आणि आसने त्याने धुवावीत, हरकत नाही. परंतु तोच झोत आसाच्या टोकावर, बेअरिंगच्या झाकणावर किंवा वायरिंगच्या जोडांवर मारला तर पाणी सीलच्या ओठाखालून आत शिरते, ग्रीस पांढरट आणि पातळ होते, आणि बाहेरून लखलखीत दिसणारे चाक आतून गंजू लागते. डेपोत आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवत असू की बॉडीला पाणी, इंजिनाला हवा आणि बेअरिंगला फक्त फडके. धुतल्यानंतर ग्रीसगन लावून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरले जाते का, हे त्या ठेकेदाराला विचारावे. उत्तर देण्याआधी तो कोणाच्या तरी तोंडाकडे पाहू लागला, तर काय समजायचे ते समजावे.

दुसरे, धुण्याचा दिवस आणि तपासण्याचा दिवस एकच असावा आणि माणूसही एकच असावा. उद्यमबागकरांनी लिहिले आहे की पुसणे म्हणजे तपासणी. ते शंभर टक्के खरे आहे, परंतु सफाईचे काम रोजंदारीच्या माणसाकडे आणि तपासणी मेकॅनिककडे अशी वाटणी झाली की पुसणाऱ्याला चीर ओळखता येत नाही आणि ओळखणारा वाकून पाहत नाही. म्हणून समितीतील बँकवाल्या साहेबांची सूचना, म्हणजे सफाई वेगळ्या ठेक्यात टाकण्याची, मला अजिबात पटलेली नाही.

तिसरे, तक्रारवही. आमच्याकडे ड्रायव्हर गाडी जमा करताना दोष लिहून देत असे: ब्रेक ओढतो, स्टीअरिंगला खेळ आहे, डाव्या मागच्या चाकातून आवाज येतो. रात्रपाळीचा मेकॅनिक त्याच ओळीसमोर काय केले ते लिहून सही करी आणि सकाळचा ड्रायव्हर ती सही पाहूनच गाडी बाहेर काढी. बागेतील गाडी चालवणारा मुलगा दिवसभर तो आवाज ऐकत असतो. त्याला तो सर्वांआधी कळतो, परंतु त्याला कोणी विचारत नाही आणि सांगितले तर गाडी बंद राहून त्या दिवसाची मजुरी बुडेल, ही त्याला भीती असते. वही ठेवावी आणि ती त्याला येत असलेल्या भाषेत, कन्नड असो वा मराठी, लिहू द्यावी. गाडी दुरुस्तीसाठी थांबली तरी त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जाणार नाही, असे करारात स्पष्ट असावे. या एका वाक्याने जे साधेल, ते दहा तपासण्यांनी साधणार नाही.

फवाऱ्यांचे पाणी मात्र तातडीने थांबवा. त्याला कराराची वाट पाहण्याची गरज नाही. बागेच्या माळ्याला सांगून फवाऱ्याचे तोंड फिरवता येईल. रुळांखाली सतत ओल राहिली की खडीत माती मिसळते, गाडी गेली की स्लीपर (रुळांखालचा आडवा आधार) खाली बसतो आणि चिखल वर उसळतो. झोका बहुतेक तेथून येतो.

उद्यमबागकर

खानापूरकर काकांच्या शेवटच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. वळणावरचा झोका दोन कारणांनी येऊ शकतो आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. एक तर स्लीपर कुजल्याने किंवा त्यावरील खिळे-बोल्ट सैल झाल्याने वळणावर दोन रुळांमधील अंतर वाढलेले असते. दुसरे म्हणजे चाकाची कडा, जी चाकाला रुळावरून घसरू देत नाही, ती झिजून पातळ किंवा धारदार झालेली असते. कर्कश आवाज म्हणजे ती कडा रुळाच्या आतल्या अंगावर घासत आहे. तेथे चाक आणि रूळ दोन्ही झिजतात. धारदार कडा रुळांच्या जोडातील फटीवर चढली की डबा रुळावरून उतरतो. गाडीचा वेग कमी असल्याने बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते, पण मुले हात बाहेर काढून बसलेली असतात.

कडा मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. नव्या चाकाच्या आकाराचा पत्र्याचा फर्मा कापून घ्यावा आणि तो प्रत्येक चाकावर टेकवून पाहावा. फर्मा आणि चाक यांत दिसणारी फट म्हणजे झीज. रुळांमधील अंतरासाठी लोखंडी सळईचे एक माप कोणतेही वर्कशॉप करून देईल. ही दोन्ही साधने ठेकेदाराकडे न ठेवता समितीकडे ठेवावीत. निपाणीकरांनी विचारले होते की तपासणार कोण, त्याचे अर्धे उत्तर येथे आहे: मापच असे असावे की ते शिक्षकालाही लावता येईल. उरलेल्या अर्ध्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ठेकेदाराशी आर्थिक संबंध नसलेल्या यंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याचे शुल्क ठेकेदारामार्फत न जाता थेट द्यावे. भारतीय मानक ब्यूरोने मनोरंजन खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी मानके प्रसिद्ध केलेली आहेत; अभियंत्याने अहवाल त्यांच्या आधारे द्यावा, एवढे वाक्य पुरे.

करारात मी आणखी काही गोष्टी घालीन. “गाडी नेहमी स्वच्छ व सुस्थितीत ठेवावी” असले वाक्य काढून टाकावे, कारण त्याने कोणीही बांधला जात नाही. त्याऐवजी आठवड्यातील एक संपूर्ण दिवस गाडी बंद राहील आणि त्या दिवसाचे भाडे ठेकेदाराकडून घेतले जाणार नाही, असे लिहावे. फ्लोरिडाच्या रात्रींविषयी वर जे आले आहे, त्याचा आपल्यापुरता उपाय हाच आहे. बागेतील गाडीवाचून कोणाचा प्रवास अडत नाही, मग बंद दिवसाची कंजुषी कशासाठी? तिकिटाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा गाडीच्या सुट्या भागांसाठी वेगळ्या खात्यात जमा व्हावा, याकडे तुमच्या बँकवाल्या साहेबांना लक्ष घालू द्यावे. त्यांचा उपयोग तेथे उत्तम होईल. रंग देण्यापूर्वी जुना रंग खरवडून, जोड तपासून, त्यांची छायाचित्रे समितीला दाखवल्याशिवाय नवा हात मारू नये. बोल्टांच्या डोक्यांवर आणि नटांवर रंग चढवूच नये. घट्ट केल्यावर नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. आपल्या गाडीच्या बोल्टांवर आधीच थर असल्याने ते सर्व एकदा साफ करून घेणे हे नव्या ठेकेदाराचे पहिले काम ठरवावे.

सुट्या भागांचे म्हणाल तर चाके बिडाची आहेत की पोलादाची, हे आधी पाहावे. बदलताना जुने चाक भंगारात देऊ नये. सर्वांत कमी झिजलेले एक चाक नमुना म्हणून समितीच्या ताब्यात ठेवावे आणि त्यावरून रेखाचित्र करून घ्यावे. पॅटर्न एकदा तयार झाला की तो उद्यानाच्या मालकीचा असावा, ठेकेदाराच्या नव्हे, अन्यथा पुढच्या वेळी त्याच माणसाकडे तो सांगेल त्या दराने जावे लागते. ब्रेकचे अस्तर, जोडसाखळी आणि तिची कडी यांचा एक-एक जादा संच बागेच्या कोठारात असणे बंधनकारक करावे.

अर्ज कार्यालयात कन्नडमध्ये द्यावा लागेल, तेव्हा तांत्रिक शब्दांचे भाषांतर करण्याच्या फंदात पडू नये. ग्रीस, बेअरिंग, स्लीपर, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) हे दोन्हीकडे सारखेच चालतात.

बैठकीपूर्वी एक काम करावे. गाडी बंद असताना दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर टेपने सरळ भागात दोन ठिकाणी आणि त्या वळणावर चार-पाच ठिकाणी मोजावे, शेवटच्या डब्याच्या चारही चाकांच्या कडेचे जवळून फोटो घ्यावेत आणि ते आकडे येथे लिहावेत. अंतर सर्वत्र सारखे भरले तर दोष चाकांकडे शोधू. वळणावर वाढलेले निघाले तर तो भाग दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद ठेवण्याचा आग्रह आजच धरावा.